टेलरबाईने बसवलेला सायलेन्सर

गुरुवारी सकाळी माणसाच्या उंचीचं एक खोकं दारात येऊन पडलं, आणि आपल्याला यातलं काहीच ठाऊक नाही असा चेहरा करून टेलरबाईने सही केली. खरं तर ते तिनेच तीन आठवड्यांपूर्वी मागवलं होतं, स्वयंपाकघराचं दार लावून, फोनवर, दबक्या आवाजात.

तिला सगळी गल्ली टेलरबाई म्हणत असे. पस्तीस वर्षं तिने शाळेचे गणवेश आणि साहेब लोकांचे कोट शिवले होते. आपणही तिला टेलरबाईच म्हणू, फक्त अहोजाहो करणार नाही, कारण थोड्याच वेळात ती गाडीखाली उताणी पडलेली दिसणार आहे आणि तशा अवस्थेतल्या माणसाला अहोजाहो करणं जड जातं. तिच्या नवऱ्याला लोक टर्नर म्हणत. कारखान्यात बत्तीस वर्षं तो लेथवर उभा होता. लेथ बिघडायच्या आधी तिच्या आवाजावरून सांगायचा की उद्या ही बंद पडणार, आणि ती पडायची.

खोक्यात त्याच्या गाडीचा नवा सायलेन्सर होता. कंपनीचा नव्हे, कंपनीने तो बनवायचं सोडूनच जमाना झाला होता. हा बाहेरच्या एका कारखान्याने स्टेनलेसमध्ये केलेला, तीन तुकड्यांत: पुढचा सरळ पाइप, मधला डबा, आणि मागच्या एक्सलवरून, म्हणजे दोन चाकांमधल्या आडव्या दांड्यावरून, उडी मारून बाहेर पडणारा वाकडा पाइप. गाडी चाळीस वर्षांची, दोन दारांची, बुटकी, आणि आपल्या काळात रस्त्यावरची दादा. टर्नरने ती मोडकी आणली होती आणि दोन वर्षं खपून उभी केली होती. दर रविवारी सकाळी तो ती टेकडीवर पळवायचा. शेजारी बसायचं आणि पोटात गोळा आला तरी तोंड उघडायचं नाही, एवढंच टेलरबाईचं काम असे.

चौदा महिन्यांपूर्वी टर्नर बाजारातून येताना भर रस्त्यात छातीवर हात धरून खाली बसला. अनोळखी माणसांनी त्याला उचलून दवाखान्यात नेलं. ऑपरेशन झालं, चांगलं झालं. सहा महिन्यांपूर्वी तर डॉक्टर हसून म्हणाले, "आता तुम्ही माझ्यापेक्षा ठणठणीत आहात. चाला, गाडी चालवा, आणि माझं तोंड वर्षभर बघू नका." टर्नर घरी आला, व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसला, आणि बसलाच. तेव्हापासून त्याने फाटकाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. आज ऊन आहे. आज वारा आहे. आज पाय जड वाटतोय. उद्या बघू. टेलरबाईने आधी समजावलं, मग आदळआपट केली, मग एकदा रडून पाहिलं. खुर्ची जागची हलली नाही. आपला नवरा वाचला खरा, पण दवाखान्यातून परत आलाच नाही, असं तिला हल्ली रोज वाटत होतं, आणि त्याची तिला फार भीती वाटत होती.

म्हणून तिने बेत रचला होता. बेत साधा होता आणि, तिच्या मते, अगदी नामी होता.

"अहो," ती म्हणाली, "गाडी विकून टाकते मी. शेडमध्ये नुसती जागा अडवून बसलीय. रविवारी एक जण बघायला येणार आहे. जुना सायलेन्सर गंजून चाळण झालाय, तसा कोण घेणार? हा नवा बसवते आणि देऊन टाकते."

आता हा ताडकन उठणार, अशी तिची खात्री होती. माझी गाडी? तू बसवणार? माझ्या पान्यांना हात लावशील तर याद राख! हे सगळं तिने मनातल्या मनात ऐकूनही ठेवलं होतं.

टर्नरने खोक्याकडे पाहिलं. मग रस्त्याकडे पाहिलं.

"विक," तो म्हणाला.

टेलरबाईच्या पायाखालची जमीनच सरकली. पण बोलून बसली होती. आता माघार घेतली तर बेताचाही विचका आणि अब्रूचाही. तिने त्याची कारखान्यातली जुनी डांगरी कपाटातून काढली, बाह्या चार वेळा दुमडल्या आणि कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे गाडी उचलायचा जॅक आणि चार लोखंडी स्टँड मागायला गेली.

"काकू, मी येतो ना," मेकॅनिक म्हणाला. "तासाभराचं काम आहे."

"तू तासाभरात करशील, तेच नकोय मला," ती म्हणाली. मेकॅनिकला काही कळलं नाही, पण त्याने स्टँड दिले. जॅक कुठे लावायचा, स्टँड कुठे ठेवायचे आणि ते नीट बसल्याशिवाय गाडीखाली डोकं घालायचं नाही, हे तीनदा बजावलं.

दुपारपर्यंत गाडी स्टँडवर चढली. शेड व्हरांड्याला लागूनच होती. खुर्चीतून गाडीची मागची बाजू दिसत होती आणि तिच्याखालून बाहेर आलेले टेलरबाईचे दोन पाय. जुन्या पाइपाचे नट गंजून दगड झाले होते. तिने त्यांच्यावर गंज सोडवायचं तेल मारलं, पाना लावला आणि जोर केला. पाना सटकला. पुन्हा लावला, पुन्हा सटकला आणि बोटाचं सालटं निघालं. तिने पान्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"तेराचा लावलायस," व्हरांड्यातून आवाज आला. "चौदाचा घे."

टेलरबाई गाडीखाली निपचित पडून राहिली. जेवणखाण, सबबी आणि सकाळचं 'विक' सोडलं, तर कित्येक आठवड्यांत त्याने काढलेला हा पहिला शब्द होता. तिथून त्याला पाना दिसत असणं शक्यच नव्हतं. सटकल्याच्या आवाजावरून त्याने नंबर ओळखला होता.

"काय म्हणालात?" तिने मुद्दाम विचारलं.

"काही नाही."

तिने चौदाचा घेतला. तो चपखल बसला. नट मात्र त्या दिवशी हलला नाही. रात्रभर तेल मुरू दिल्यावर शुक्रवारी सकाळी एकेक करून नट करकरत सुटले आणि गंजाचा भुगा तिच्या केसांत, कानांत, डांगरीच्या गळ्यातून आत, सगळीकडे गेला. तेवढ्यात लेकीचा फोन आला.

"आई, तू गाडीखाली आहेस? तुझं वय काय?"

"तुझ्या बापापेक्षा तीन वर्षांनी कमी. ठेव फोन, हात काळे झालेत."

"बाबा काय करतायत?"

टेलरबाईने मान वळवून चाकाच्या फटीतून पाहिलं. खुर्ची काल भिंतीला टेकलेली होती. आज ती वीतभर शेडकडे वळलेली दिसत होती.

"ऐकतायत," ती म्हणाली.

एक्सलवरून गेलेला जुना पाइप अख्खा निघेना. तिने तो पुढे ओढला, मागे ओढला, तिरका केला. व्हरांड्यातून एक सुस्कारा आला, आणि मग, "अगं कापून काढ. तो तसा नाही निघायचा." तिने करवत घेऊन तो कापला. संध्याकाळी जुना सायलेन्सर शेडमध्ये चार तुकड्यांत पडला होता आणि टेलरबाईला आपण वाघ मारल्यासारखं वाटत होतं.

बेताचा दुसरा भाग शनिवारचा होता. मधल्या डब्यावर एक बाण कोरलेला होता: धूर कुठून कुठे जायचा ते दाखवणारा. तो डबा ती मुद्दाम उलटा लावणार होती. लेथवर केसाएवढा फरक न चालणाऱ्या माणसासमोर उलटा डबा! हा खुर्चीत कसा बसून राहतो तेच बघायचं होतं.

डबा उलटा धरून ती गाडीखाली गेली. तो जागेवर नेला. आणि तिला तो लावताच येईना. म्हणजे लागत होता, पण हात तयार होईनात. पस्तीस वर्षांत जिने डावी बाही उजवीकडे लावली नाही, तिला ढळढळीत उलटी वस्तू हाताने बसवणं म्हणजे अंगावर काटा येण्यासारखं होतं. तिने दोन मिनिटं स्वतःशी हुज्जत घातली, मग चरफडत डबा सुलटा केला.

आणि एकदा सुलटा केल्यावर ती कामात रमली. तिला गंमत वाटायला लागली. आधी सगळे तुकडे नुसते रबरी कड्यांवर टांगायचे, नट दोन-दोन आटे फिरवून ठेवायचे. हे तर कोटाला कच्चे टाके घालण्यासारखंच होतं. बाहेर येऊन तिने पाइपाचं तोंड बंपरच्या मधोमध आहे का ते शिवणाच्या टेपने मोजलं, पुन्हा खाली गेली, बोटभर डावीकडे सरकवलं. मग पुढून मागे सगळे नट आवळत गेली. दुपारी चारला ती बाहेर आली तेव्हा बेत वगैरे ती विसरून गेली होती. काम सुबक झालं होतं, आणि ते आपण केलं होतं.

"झालं!" तिने जाहीर केलं.

"घट्ट केलंस सगळं?" टर्नरने विचारलं.

"केलं."

"गाडी स्टँडवर असताना?"

"मग काय डोक्यावर घेऊन करायचं होतं?"

टर्नरने रस्त्याकडे तोंड फिरवलं. पण त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं, ते तिने पाहिलं, आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. तिने जॅक लावून एकेक स्टँड काढला आणि गाडी हळूहळू खाली सोडली. चाकं जमिनीला टेकली, गाडीचं वजन त्यांच्यावर आलं, आणि मागून आवाज आला: ठक्क.

ती वाकून बघायला लागली. हवेत असताना मागचा एक्सल चाकांसकट खाली लोंबत होता. तेव्हा पाइप आणि एक्सल यांच्यात हात जाईल एवढी जागा होती. गाडी खाली आल्यावर एक्सल वर आला आणि थेट नव्या पाइपाला जाऊन भिडला. खड्ड्यात गाडी गेली असती तर पाइपाचा चेंदा झाला असता.

मग मात्र टेलरबाईचा तोल सुटला.

"तुम्हाला माहीत होतं!" ती व्हरांड्यासमोर उभी राहून ओरडली. हातात चौदाचा पाना, केसांत गंज. "तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं, आणि तुम्ही तिथे बसून मजा बघत होता! बोलायला काय झालं होतं?"

"विकायचीच आहे ना," टर्नर म्हणाला. "घेणारा बघेल."

"कुणी घेणारा नाहीये! कुणी येत नाहीये रविवारी! मी मागवलं ते खोकं, तुम्ही या खुर्चीतून उठावं म्हणून. तीन दिवस मी त्या गाडीखाली लोळतेय, कशासाठी? मला हौस आहे? मला माझा नवरा परत हवाय, कळलं?"

गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या आणि शहाणपणाने बंद झाल्या.

"कुणी येणार नाही, ते माहीत होतं मला," टर्नर म्हणाला.

"कसं?"

"विकायच्या गाडीला कुणी स्टेनलेसचा पाइप बसवतं होय?"

टेलरबाईने पाना खाली केला. "मग 'विक' का म्हणालात?"

 तिच्याकडे न बघता, आपल्या हातांकडे बघत तो म्हणाला, "कारण मला भीती वाटते गं. फाटक उघडलं की वाटतं, परत तसंच होणार. रस्त्यात पडणार, लोक गोळा होणार. आणि गाडी चालवताना झालं तर? तू शेजारी असशील. गाडीच नसली तर कुणी 'चालव' म्हणणार नाही, असं वाटलं मला. म्हणून म्हणालो, विक."

चौदा महिन्यांत तो हे एकदाही बोलला नव्हता. ऊन, वारा आणि पाय यांच्यामागे हे लपवून बसला होता. टेलरबाई पायरीवर त्याच्याजवळ बसली. तिला त्याला खूप काही म्हणायचं होतं, पण तिच्या तोंडून एवढंच आलं, "मलाही वाटते. रोज रात्री तुमचा श्वास मोजते मी."

"ठाऊक आहे. झोपमोड होते माझी."

ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. ते तिने डांगरीच्या बाहीने पुसले, त्यामुळे तोंडावर काळा पट्टा उमटला. टर्नरने तो पाहिला. मग त्याने खुर्चीच्या हातांवर जोर दिला आणि उठला.

"चल," तो म्हणाला. "तो पाइप तसा बघवत नाही मला."

शेडमध्ये तो आधी ठेंगण्या स्टुलावर बसला आणि तोंडाने सांगत राहिला. गाडी पुन्हा उचल. आता मागचे स्टँड बॉडीखाली नको, एक्सलखाली लाव. हां. म्हणजे गाडी हवेत, पण वजन चाकांवर असल्यासारखं. आता सगळे नट सैल कर. सगळे म्हणजे सगळे. टेलरबाईने ते निमूट केलं. मग त्याने जुनी सतरंजी मागितली आणि सावकाश, एकेक हात टेकत, तिच्या शेजारी गाडीखाली सरकला. तिने गुडघ्याने पाइप वर उचलून धरला. त्याने एक्सल आणि पाइप यांच्यामध्ये आपली दोन बोटं घातली, आडवी.

"एवढी जागा हवी. धर अशीच. हलू नकोस."

"हलत नाहीये. पायाला मुंग्या आल्यात."

"येऊ देत."

पुढून मागे, एकेक नट. त्याच्या हातात पाना गेल्यावर ती बघत राहिली. चौदा महिने रिकामे बसलेले ते हात काही विसरले नव्हते.

"बाकी काम झकास केलंयस," तो छताकडे, म्हणजे गाडीच्या पोटाकडे बघत म्हणाला. "डबा उलटा लावशील असं वाटलं होतं मला."

"लावणारच होते," टेलरबाई म्हणाली. "जमलं नाही."

रविवारी सकाळी गाडी चाकांवर उभी केली. ठक्क झालं नाही. टर्नरने तिला किल्ली फिरवायला लावली आणि स्वतः मागे गेला. जाड फडक्याची घडी करून त्याने पाइपाच्या तोंडावर क्षणभर दाबून धरली, म्हणजे कुठे सांध्यातून हवा फुसफुसत असेल तर ऐकू यावी. मधल्या जोडाला बारीक फुसफुस होती. गाडी बंद करून, पाइप निवू देऊन, तिने तो नट अर्धा आटा आवळला. पुन्हा किल्ली. या वेळी फुसफुस नव्हती. नुसता आवाज होता, भरदार, खालच्या पट्टीतला, जुन्या सायलेन्सरसारखा फाटका नाही. शेडच्या पत्र्यावर त्याची थरथर उमटली.

टेलरबाई उतरून पलीकडच्या बाजूला बसायला निघाली.

"तू चालव," टर्नर म्हणाला.

"मी?" तीस वर्षांत तिने ती गाडी दोनदा चालवली होती आणि दोन्ही वेळा क्लचवरून बोलणी खाल्ली होती. "आणि तुम्ही?"

"मी बाहेर थांबतो. तीस वर्षं आत बसून ऐकली मी ही. रस्त्यावरून जाताना कशी वाजते ते मला कधी कळलंच नाही. चालवणाऱ्याला ते कळत नाही. जा, पाण्याच्या टाकीला वळसा घालून ये. मी फाटकापाशी उभा राहतो."

फाटकापाशी. एवढंही पुष्कळ झालं, असं मनाशी म्हणत टेलरबाईने गाडी बाहेर काढली. आरशात तो दिसत होता, फाटकाचा दांडा धरून उभा, घरातल्या सपाता घालून. तिने पहिला गिअर टाकला, गाडीने एक गचका दिला, तिने स्वतःच स्वतःला क्लचवरून बोलून घेतलं आणि निघाली. पाण्याच्या टाकीपर्यंत जायला तीन मिनिटं लागतात. तिला परत यायला पाच लागली, कारण वळताना गाडी एकदा बंद पडली.

गल्लीच्या तोंडाशी येऊन तिने फाटकाकडे पाहिलं. फाटक सताड उघडं होतं, आणि तिथे कुणीच नव्हतं.

व्हरांड्यातली खुर्ची रिकामी. शेड रिकामी. टेलरबाईच्या तोंडचं पाणी पळालं. हे आपण केलं. आपण उठवलं त्याला, गाडीखाली झोपवलं, बाहेर काढलं. तिने गाडी तशीच पुढे घेतली, डावीउजवीकडे बघत, कुठे माणसं गोळा झालेली दिसतात का ते शोधत. शंभर पावलं. दोनशे. मेकॅनिकचं दुकान गेलं. गल्ली जिथे वळून चढाला लागते तिथे, रस्त्याच्या कडेला, गुडघ्यांवर हात टेकून तो ओणवा झालेला तिला दिसला.

तिने करकचून ब्रेक दाबला. दार उघडून ती धावली, "अहो! अहो, काय होतंय?"

टर्नरने मान वर केली. त्याचा चेहरा लाल झाला होता आणि त्याच्यावर कमालीची नाराजी होती.

"थांबलीस कशाला?" तो म्हणाला. "चढ लागला की गिअर खाली घ्यावा लागतो, तेव्हा खरा आवाज निघतो. तो ऐकायला आलो मी इथवर, आणि तू नेमकी थांबलीस!"

"तुम्ही वाकून काय..."

"पाइप तेवढ्याच उंचीवर आहे ना. मग कान कुठे नेऊ?"

टेलरबाईला त्याच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या आणि मिठी मारावीशी वाटली, आणि भर रस्त्यात दोन्ही शोभणार नव्हतं. तिने त्याच्या पायांकडे पाहिलं. "निदान बूट तरी घालायचे," ती म्हणाली. 

"परत जा," टर्नर म्हणाला. "टाकीपासून ये. इथे दुसऱ्यात घे, आणि मग सोडू नकोस, वरपर्यंत ने. मी वरच्या टोकाला असेन."

"वरच्या? एवढा चढ?"

"डॉक्टर म्हणालेत ना, चाला."

तो निघालाही. टेलरबाई गाडीत बसली, तिने गाडी वळवली आणि आरशात बघितलं. एक हात कमरेवर ठेवून, सपाता फटफटवत, मध्ये एकदा दम खायला थांबून, टर्नर चढ चढत होता. त्याने मागे वळून पाहिलं नाही. तिने टाकीला एकाऐवजी दोन वळसे घातले, सावकाश, म्हणजे त्याला वर पोचायला पुरेसा वेळ मिळेल.